दोन्ना लिंदा आणि न भिजणारी भुकटी

जमीन हलली की विद्यापीठातल्या आमच्या विभागातली माणसं जिन्याकडे पळतात. दोन्ना लिंदा कपाटाकडे पळायची. नापोलीच्या पश्चिमेला आमची टेकडी, तिथे जमीन अधूनमधून अंग झाडतेच, त्याचं कुणाला फार कौतुक नाही. तरी काचेची भांडी खणखणली आणि दिवे झुलायला लागले की पाय आपोआप बाहेर वळतात. लिंदाचे उलटे वळायचे. कपाटाची दारं पाठीने दाबून ती उभी राहायची आणि आमच्यावर ओरडायची, "व्हा तुम्ही पुढे! तुम्हाला पाय आहेत. माझ्या बाळ्याला नाहीत."

बाळ्या म्हणजे बुरशी. शिंपल्याच्या आकाराची करडी अळंबी बाजारात मिळते ना, तिचीच बुरशी. काचेच्या तबकड्यांत ती पांढऱ्या कापसासारखी पसरते. लिंदा विभागात आली ती भांडी धुवायला. पुढे एक प्राध्यापक परदेशी जाताना "एवढी सांभाळा" म्हणून ही बुरशी तिच्या हातात देऊन गेला, तो काही परत आला नाही. लिंदाने बुरशी सांभाळली. दर महिन्याला तिला नव्या तबकडीत हलवायचं, बटाट्याचं खाणं घालायचं, ऑगस्टात सगळं शहर समुद्रावर लोळत असताना बस पकडून यायचं आणि तिची ख्यालीखुशाली बघून जायचं. पुढे ती प्रयोगशाळेत मदतनीस झाली, तिच्याकडून अर्धा विभाग काम शिकला, पण तिचा जीव त्या कपाटात. तिचा नवरा आनिएल्लो बस चालवायचा. तो ओळख करून देताना म्हणायचा, "आम्हाला दोन मुली आणि एक बुरशी. मुली निदान लग्न करून गेल्या."

मी ओर्नेल्ला, त्याच विभागात प्रथिनांवर काम करते. मी तिला दोन्ना, म्हणजे बाई, म्हणते; ती मला डॉक्टरीणबाई म्हणते. त्यात आदर किती आणि चिमटा किती, हे मला अजून उमगलेलं नाही. बाई बुटकी, रुंद, केस तांबडे रंगवलेले, आणि तोंड म्हणाल तर पट्टा. तो तोंडाचा पट्टा तिला मावशीकडून मिळालाय. आमच्या शहराचा संत सान जेन्नारो, त्याच्या सणाला मोठ्या देवळात पहिल्या रांगेत ज्या म्हाताऱ्या बसतात, त्यांतली तिची मावशी. संताचं सुकलेलं रक्त कुपीत पातळ व्हायला उशीर लागला की या बायका त्याला खडसावतात, "ए पिवळ्या तोंडाच्या, किती वाट बघायला लावशील रे?" आणि संतही यांच्या तोंडाला लागत नाही, मुकाट्याने पावतो, असं आमच्याकडे सगळे धरून चालतात. लिंदा याच रीतीने लिफ्टला बोलायची, छपाईच्या यंत्राला बोलायची, आणि वेळ आली तर विभागप्रमुखांनाही.

गेल्या वर्षी सप्टेंबरअखेर ती निवृत्त होणार होती. तिला त्याचं दुःख नव्हतं, दुःख होतं कपाटाचं. विभागप्रमुख प्रोफेसर योव्हिने यांनी वसंतातच सांगून टाकलं होतं, की लिंदा गेली की ती खोली संगणकवाल्यांना मिळेल. बुरशीचं काम आता कुणी करत नाही, सांभाळायला माणूस नाही. तबकड्या वाफेच्या भट्टीत घालून निकालात काढायच्या. माणूस वाईट नाही हो, जागेचा प्रश्न खराच होता. पण "निकालात काढायच्या" हे त्यांनी लिंदासमोर म्हटलं. लिंदा त्यांना म्हणाली, "प्रोफेसरसाहेब, तुम्ही निवृत्त झालात की तुमचं काय करायचं ठरलंय?"

आशेला जागा एकच होती, आणि ती माझ्या टेबलावर होती. नॉनस्टिक भांड्यांवर ज्याचा थर असतो, त्याच पदार्थाची अतिशय बारीक पांढरी भुकटी घेऊन मी बसले होते. तिचे कण इतके बारीक, की एखाद्या केसाच्या रुंदीत शेकडो शेजारी शेजारी बसतील. एका कारखान्याला ती पाण्यात कालवून हवी होती, म्हणजे तिचा पातळ थर देता येईल. एरवी त्यासाठी जी रसायनं वापरतात ती नद्यांत जाऊन बसतात आणि जाता जात नाहीत, म्हणून ती नकोत. आता या भुकटीचं आणि पाण्याचं सात जन्मांचं वैर. पाण्यात टाकली की वर येऊन फुगून बसते. ढवळली तर भांड्याच्या कडेने चढते, हातमोज्यांना चिकटते, नाकात जाते, पण भिजत म्हणून नाही.

अळंबीची बुरशी मात्र एक अजब प्रथिन तयार करते. त्या प्रथिनाची एक बाजू पाण्याची ओढ असलेली, दुसरी पाण्याकडे पाठ फिरवलेली. जिथे पाणी आणि न भिजणारी वस्तू समोरासमोर येतात, तिथे त्याचे रेणू जाऊन खांद्याला खांदा लावून उभे राहतात आणि त्यांची पातळ कातडी बनते. भुकटीच्या प्रत्येक कणाला अशी कातडी बसली की आत कण खूश, बाहेर पाणी खूश. लग्न जुळवणारी बाई दोन्ही घरी गोड बोलते, तसला हा प्रकार. हे जमलं तर कारखाना काम देणार, काम आलं की बुरशी लागणार, आणि बुरशी लागली की खोली कुणी हिरावून घेणार नाही. योव्हिनेंनी तसं कबूल केलं होतं.

तेव्हा लिंदाने बाळ्याला कामाला लावलं. मोठ्या बरण्यांत बुरशीच्या खाण्याचा पातळ रस्सा करायचा, त्यात बुरशी सोडायची, खालून हवेचे बुडबुडे सोडायचे. सकाळी मी पोचायच्या आत ती रस्सा गाळून, निवळशंख करून माझ्या टेबलावर ठेवायची. मी त्यातून प्रथिन काढायची, भुकटीत घालायची, बारीक कंपनं देणाऱ्या यंत्रात धरायची. भुकटी वर. पुन्हा घालायची, पुन्हा वर. सगळा उन्हाळा असा गेला. प्रथिन असं काही हाताला लागायचंच नाही. दुसऱ्या देशातल्या लोकांना त्याच अळंबीतून भरपूर मिळतं आणि आम्हाला चिमूटभरही नाही, म्हणजे दोष बुरशीचाच, असं मला वाटायला लागलं. हे मी लिंदाला एकदा बोलून दाखवलं.

ती हातातली बरणी खाली ठेवून माझ्याकडे वळली. "बाळ्याला नावं ठेवू नका. तुमच्या भुकटीला आधी नावं ठेवा. ती नाठाळ आहे."

"दोन्ना लिंदा, बुरशी म्हातारी झाली असेल. इतक्या वर्षांत बदलते बुरशी."

"म्हातारी मीही झाले. रस्सा करायला विसरले का?"

सप्टेंबर उजाडला. योव्हिने एकदा खोलीचं माप घ्यायला दोन माणसं घेऊन आले, तेव्हा लिंदा कपाटासमोर खुर्ची टाकून बसली आणि त्यांनी "जरा उठता का" म्हटलं तरी उठली नाही. माप तिला वगळून घ्यावं लागलं. माणसं गेल्यावर ती मला हळूच म्हणाली, "घरी नेऊ का हो याला? आनिएल्लो चिडेल थोडा." पण घरी कसं नेणार? बाळ्याला निर्जंतुक हवा लागते, ठरलेली थंडी-ऊब लागते. हे तिलाच माझ्याहून चांगलं माहीत होतं.

मग एका सकाळी मी लवकर पोचले, कारण रस्त्यावर चक्क गर्दी नव्हती. खोलीत लिंदा मोरीपाशी उभी राहून कुणाला तरी झापत होती. "इतकी वर्षं इमानाने राहिलास, आणि आता म्हातारपणी असली थेरं? लाज नाही वाटत?" मला वाटलं, फोनवर नवऱ्याशी बोलतेय. बघते तर हातात तवा. घरचा जुना नॉनस्टिक तवा, मूठ तुटलेली.

"काय झालं?"

"बिघडला मेला. बघा." तिने नळ सोडला आणि तवा खाली धरला. "याच्यावर पाणी कसं टणाटणा उड्या मारायचं. थेंब नुसते घसरून जायचे. आता बघा कसा अंगभर ओला होतो. तव्याने असं भिजावं का?"

खरंच, पाणी तव्यावर सपाट पसरलं होतं. एकही थेंब गोळा होत नव्हता. मी तवा तिच्या हातातून घेतला, तिरपा केला, तरी पाण्याचा पातळ पापुद्रा तसाच. तव्यावरचा थर आणि माझी भुकटी एकच. जे माझ्या भुकटीला हवं होतं, ते या तव्याला झालं होतं.

"यात काय ठेवत होतात तुम्ही?"

"काय ठेवणार? फेस."

"कसला फेस?"

तिने भिंतीवरचा झारा काढून दाखवला. "रस्स्यावर येतो तो. रोज सकाळी झाऱ्याने काढते, या तव्यात घालते, बसला की ओतून देते मोरीत. कधी कधी रात्रभर राहतो तव्यात. चण्याचं, घेवड्याचं काहीही शिजवा, वर मळी येते, ती काढायची असते. माझ्या आईने शिकवलंय. रस्सा तुम्हाला स्वच्छ हवा ना?"

मी स्टुलावर बसले. बुडबुडा म्हणजे हवेला पाण्याचा अंगरखा. आणि आमचं प्रथिन नेमकं अशा हवा-पाण्याच्या सीमेवरच जाऊन कातडी धरतं. रस्स्यातलं सगळं प्रथिन बुडबुड्यांबरोबर वर येत होतं, फेसात जमत होतं, आणि आमची ही बाई रोज पहाटे ते झाऱ्याने काढून मोरीत सोडत होती. तिचीही चूक म्हणवत नाही. विभागात आधी वर्षानुवर्षं याच बुरशीतून दुसराच पदार्थ काढत, तो खालच्या स्वच्छ रस्स्यात असे आणि फेस निव्वळ कटकट. नव्या कामाला नवा नियम, हे तिला कुणी सांगितलंच नाही. मला विचाराल तर मला या झाऱ्याचा पत्ताच नव्हता. कोणत्या संशोधन-लेखात लिहिलेलं असतं, की आमच्याकडे बायका फेस दिसला की हात आवरू शकत नाहीत?

मी तिला सांगितलं. ती ऐकत होती, झारा हातात तसाच. मग तिने मोरीकडे पाहिलं, जिथे तो फेस रोज जात होता.

"म्हणजे बाळ्या देत होता."

"देत होता."

"रोज?"

"रोज."

"आणि मी त्याची रोजची कमाई गटारात..." तिचे डोळे भरले. मला वाटलं आता रडते. पण ती एकदम हसत सुटली, अशी की टेबलाला धरून बसावं लागलं, आणि मग मीही. वरच्या मजल्यावरून कुणीतरी बघायला आलं. "समुद्रातले मासेसुद्धा आता भिजत नसतील हो, डॉक्टरीणबाई!" डोळे पुसत ती म्हणाली. मी सांगायला गेले की उलट, भिजतील, तर म्हणाली, "मग काय, मासेच ते, भिजू देत." आणि पुन्हा हसली.

त्या दिवसापासून झारा तोच, पण काम उलटं. फेस बरणीत, रस्सा मोरीत. तिचा हात दरवेळी चुकायचा, फेस घेऊन मोरीकडे वळायचा, आणि ती दुसऱ्या हाताने त्या हाताला चापट मारायची. फेस बसवायचा, धुवायचा, त्यातलं प्रथिन थोड्या अल्कोहोलात उतरवायचं. बाळ्या कधी नव्हे इतका फेसाळत होता. "बघा, कसा खुशीत आहे," ती सगळ्यांना दाखवायची. मी म्हणाले, हवा जास्त सोडलीय म्हणून. "तुम्हाला लेकरं नाहीत, तुम्हाला नाही कळायचं."

पुरेसं प्रथिन जमलं ते नेमकं सान जेन्नारोच्या दिवशी. विद्यापीठाला सुट्टी, इमारतीत आम्ही दोघी आणि दारावर पहारेकरी सबातो. उद्या योव्हिने बघायला येणार होते. सणाला काम करायला लिंदा कशी तयार झाली, हे विचारलं तर म्हणाली, "देवळात मावशीच्या मैत्रिणी आहेत. संताचं त्या बघतील, इथे भुकटीचं कोण बघणार?" सबातोने रेडिओ मोठा केला होता. आम्ही डबे उघडतोय तोवर बातमी आली, की रक्त पातळ झालं. संत बिचारा लवकर पावला. खालून सबातोची टाळी ऐकू आली.

आम्ही पाणी घेतलं, प्रथिन घातलं, वर भुकटी. ती वर तरंगत बसली, नेहमीसारखी, पांढरी, फुगलेली. यंत्रात ठेवली. थांबलो. काही नाही. पुन्हा ठेवली. कडेने थोडी ओलसर झाली असं मला वाटलं, पण मी बोलले नाही. आमच्याकडे असलं काम होण्याआधी बोलत नाहीत.

लिंदाने बाह्या सरसावल्या. मग जे सुरू झालं ते मी सगळं लिहीत नाही, तुमच्या घरात मुलंही वाचतात. "ए पांढऱ्या तोंडाचे! संत पावला, तुला काय झालंय? कोण समजतेस गं स्वतःला? राणी आहेस? तव्यावरचं खरवडलेलं पीठ तू! चांगल्या घरचं पोर तुझ्या दारात उभं आहे, हात पुढे करून, आणि तू नाक मुरडतेस? उतर खाली! उतर म्हणते ना!" सबातो रेडिओ सोडून दारात येऊन उभा. मी यंत्राचं बटण धरून. मला हसू आवरत नव्हतं.

आणि भुकटी उतरली. आधी खालच्या बाजूने एक धूसर दोरा सुटला, मग दुसरा, मग वरचा पांढरा थर आतल्या आत विरायला लागला आणि नळीभर पाणी दुधासारखं झालं. मी यंत्र बंद केलं. दूध तसंच. नळी उलटीसुलटी केली. दूध. वर एक कणही नाही.

"शिव्यांनी झालं," सबातो म्हणाला.

"प्रथिनाने झालं," मी म्हणाले.

"दोघांनी," लिंदा म्हणाली आणि मला एवढ्या जोराने मिठी मारली की माझा चष्मा तिच्या खांद्यावर वाकला. मी आयुष्यात अनेक निष्कर्ष काढलेत, छापलेत. इतकी सुखी मी एकाही दिवशी नव्हते.

दुसऱ्या दिवशी योव्हिने आले. रात्रभर ठेवलेलं दूध तसंच होतं, ना खाली बसलं ना वर आलं. त्यांनी नळी उजेडात धरली, नाकाशी नेली, दोनदा विचारलं, "साबण नाही?" मी म्हणाले, नाही. "कसलंच रसायन नाही?" नाही. मग त्यांनी तोंड उघडलं, तशी लिंदा ओरडली, "छान म्हणू नका! दृष्ट लागेल." प्रोफेसरांचा डावा हात मुकाट्याने पँटच्या खिशात गेला. तिथे ते दृष्ट लागू नये म्हणून लाल शिंगाची किल्ली-साखळी ठेवतात, सगळ्यांना ठाऊक आहे.

"हे आठवडाभर असंच राहील का?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही राहाल का?" लिंदा.

ते हसले. खरंच हसले, आणि नळी जपून ठेवत म्हणाले, "खोली राहील. कपाटही राहील. तबकड्यांना कुणी हात लावणार नाही."

लिंदा कपाटापाशी गेली, दार उघडून आत बघत राहिली, आमच्याकडे पाठ करून. तशीच म्हणाली, "पण बघणार कोण याला?" आणि मग सगळे माझ्याकडे वळले.

पुढचे दिवस तिने मला शिकवलं. मला म्हणजे डॉक्टरीणबाईला. सुई ज्योतीत किती लाल करायची, तबकडी कोणत्या बाजूने उघडायची, कडेचा तुकडा घ्यायचा, मधला नाही. "अहो, हळू! तो काही कांदा नाही." माझी पहिली तबकडी सडली. दुसरीवर बरी पांढरी लव आली, तेव्हा तिने ती डोळ्यांजवळ नेऊन पाहिली, मला परत दिली आणि "हं" म्हणाली. ते माझं प्रमाणपत्र.

महिनाअखेरीस निरोप झाला. रममध्ये भिजलेले केक आले, आनिएल्लोने गाणं म्हटलं, योव्हिने बोलले, लिंदा रडली, आम्ही रडलो, आणि सबातोने तिला गाडीपर्यंत फुलं वाहून नेली. सगळं कसं नीट, रीतसर संपलं.

सोमवारी सकाळी मी जिना चढत होते तर खाली दारात सबातोचा आवाज, "दोन्ना लिंदा! अहो, तुम्ही रिटायर झालात ना? शुक्रवारी तर केक खाल्ले आम्ही!"

"मी झालेय, सबातो," पिशवी सावरत ती त्याच्या पुढून आत शिरली. "बाळ्या कुठे झालाय?"